गुटगुटीत बाळ आणि दह्याची पुडी

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज दह्याताकाबद्दल बोलायचंय. पाककृती मात्र सांगणार नाही, आज थोडा इतिहास सांगणार आहोत.

त्याला कारण आहे. गेले काही महिने आपल्या केंद्रावर येणाऱ्या फोनमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतोय. मुलगा नऊ वर्षांचा, वजन वाढलंय, वर्गातली पोरं चिडवतात. औषधाच्या दुकानात दह्यातल्या जिवाणूंची पावडर मिळते, तिने चरबी उतरते म्हणतात, द्यावी का? कुणी पुडीबद्दल विचारतं, कुणी छोट्या गोड बाटलीबद्दल. एका ताईंनी तर विचारलं, की महिन्याभराच्या पुड्या घ्यायला बचत गटातून उचल घेतली तर चालेल का. त्या दिवशी आम्ही ठरवलं, की या पुडीचं मूळ शोधायचं.

उत्तर आधीच सांगून टाकतो, नाहीतर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. मुलांचं वजन या पुड्यांनी उतरतं असं खात्रीने सांगता येईल इतका पुरावा आजवर मिळालेला नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. पण मग हे दहीताक वजनाच्या गोष्टीत आलं कुठून? हे बघायला गेलो तर आम्हीच चकित झालो. कारण या गोष्टीत दही बहुतेक वेळा वजन वाढवायला आलेलं आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिंदितीय नावाचा. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश माणसांचा सविस्तर विचार केलाय. माणूस स्थूल का होतो? फार खाणं, जड, गोड, तुपकट खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं, आणि बीजस्वभाव. बीजस्वभाव म्हणजे आईबापाकडून आलेला वारसा. इतक्या जुन्या ग्रंथाने सगळा दोष खाणाऱ्याच्या जिभेवर ढकललेला नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. आता गंमत बघा. याच अध्यायात कृश माणसाला भरण्यासाठी जे पदार्थ सांगितलेत त्यात दूध आहे, तूप आहे, आणि दही आहे. आणि स्थूल माणसासाठी सांगितलेल्या उपायांत गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, मध यांच्याबरोबर तक्रारिष्ट आहे. म्हणजे ताकात ओवा, आवळा, हिरडा, मिरी आणि पाच प्रकारची मिठं घालून आंबवलेलं औषध. एकाच भांड्यातलं विरजण, पण दही एका बाजूला आणि ताक दुसऱ्या बाजूला.

यात जादू काही नाही. ज्या बाईने रवीने ताक घुसळलंय तिला हे सांगावं लागत नाही. लोणी निघालं, वर पाणी पडलं, मागे राहिलं ते वेगळंच पेय. भावप्रकाशात तर याचे प्रकार पाडलेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलं तर घोल. साय काढून घुसळलं तर मथित. पाव हिस्सा पाणी घातलं तर तक्र, निम्मं पाणी घातलं तर उदश्वित, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातलेलं ते छच्छिका. आजच्या पोषणशास्त्राच्या कोष्टकात बघा, गाईच्या दुधाच्या शंभर ग्रॅम दह्यात साधारण ६० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच ताकात १५ कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमपेक्षाही कमी. तेव्हा 'दही वजन वाढवतं की कमी करतं' या प्रश्नावर आमचा उलट प्रश्न असतो: किती पाण्याचं, सायीसकट की सायीशिवाय, आणि साखर किती?

एक सांगून ठेवतो. तक्रारिष्ट हे वैद्याच्या हातचं औषध आहे, त्यात मीठ बरंच असतं. आम्ही त्याचं नाव घेतलं म्हणून कुणी पोराला पाजायला जाऊ नका.

आता जरा लांब जाऊ, रशियात. तिथल्या गवताळ प्रदेशात घोडीचं दूध आंबवून पेय करतात, कुमिस म्हणतात त्याला. १८५८ साली नेस्तोर पोस्तनिकोव्ह नावाच्या डॉक्टरांनी समारा शहराजवळ कुमिसचं आरोग्यधाम उघडलं. तिथे क्षयाचे रोगी येत. का येत? तर वजन वाढवायला! क्षयाने माणूस झिजतो, आणि त्यावर औषध नव्हतं. अंगावर मांस चढलं तर माणूस तरेल, एवढीच आशा. टॉलस्टॉय त्या भागात कुमिस प्यायला जात. चेखॉव्ह तर १९०१ मध्ये लग्न झाल्या झाल्या नव्या बायकोला घेऊन कुमिसच्या आरोग्यधामात जाऊन राहिले, आणि वजन वाढल्याचं त्यांनी पत्रातून कळवलं. क्षय काही हटला नाही. तीन वर्षांनी ते गेले.

दह्याला प्रयोगशाळेत नेलं ते १९०५ मध्ये. स्तामेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियातला २७ वर्षांचा तरुण जिनिव्हात वैद्यकी शिकत होता. घरचं दही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातला कांडीसारखा जिवाणू शोधून काढला. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाच्या सामानात घरचं विरजण असतं, हे काही फक्त आपल्याकडेच नाही तर! त्या जिवाणूला पुढे त्याच्या देशाचं नाव मिळालं, बल्गेरिकस.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तेव्हा इल्या मेचनिकोव्ह हे मोठे शास्त्रज्ञ होते. शरीरातल्या पेशी रोगजंतूंना गिळतात हे त्यांनी दाखवून दिलं होतं, आणि त्या कामासाठी त्यांना १९०८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. म्हातारपण का येतं याचाही त्यांना ध्यास होता. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्याचं विष अंगात भिनतं, म्हणून माणूस म्हातारा होतो, असं त्यांचं मत. आंबट दुधातले जिवाणू ही कुजण्याची क्रिया रोखतात आणि म्हणून बल्गेरियातले शेतकरी पुष्कळ जगतात, असं त्यांनी मांडलं. ते स्वतः रोज आंबट दूध घेत. नोबेलवाल्या माणसाने सांगितल्यावर काय, दुकानं भरली. आंबट दुधाच्या गोळ्या, भुकट्या, विरजणाच्या कुप्या. आज पुडीत मिळते तिची पणजी तीच. अमेरिकेत डॉक्टर केलॉग यांनी तर आपल्या आरोग्यधामात रोग्यांना अर्धं दही तोंडाने आणि अर्धं एनिमाने दिलं. हसू नका, लोक पैसे मोजून जात होते.

मेचनिकोव्ह १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी गेले. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रेटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, तर बल्गेरिकस जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम ठोकतच नाही असं दिसलं. पाहुणा आला, चहा प्यायला, निघून गेला. म्हणून तर पुडी बंद केली की तिचा जो काही परिणाम असेल तोही ओसरतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुलांकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, सालोनिकाहून स्थलांतर करून आलेल्या आयझॅक कारासो यांनी स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात दही करायला घेतलं. तिथली मुलं पोटाच्या विकारांनी आजारी पडत होती. दह्याला नाव दिलं मुलाचं. डॅनियलचं लाडकं नाव, त्यावरून दानोन. आणि ते विकलं जायचं औषधाच्या दुकानात. दही हा तिथे पदार्थच नव्हता, ते औषध होतं, आणि तेसुद्धा जुलाबाने वाळलेल्या मुलांचं. जपानातही तसंच. मिनोरू शिरोता या डॉक्टरांनी १९३० मध्ये आतड्यात टिकाव धरणारा एक जिवाणू वेगळा काढला, कारण तिथे पोटाच्या संसर्गाने मुलं दगावत होती. १९३५ मध्ये याकुल्ट नावाने ते पेय बाजारात आलं. १९६३ पासून ते घरोघर पोचवायचं काम बायकांनी केलं, हे आपल्या गटातल्या मैत्रिणींसाठी मुद्दाम सांगतो.

मग हे आंबट औषध गोड कधी झालं? याचं वर्ष सांगता येतं. दुसऱ्या महायुद्धात कारासोंचा मुलगा अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने दह्याचा धंदा सुरू केला. अमेरिकन माणसाला दही आंबट लागे, खपत नसे. १९४७ मध्ये त्यांनी भांड्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरंबा घातला, आणि खप वाढला. पुढे फळाचं दही, व्हॅनिलाचं दही, चॉकलेटचं दही, सगळं आलं. आपण याला हसायचं कारण नाही. चक्क्यात त्याच्याइतकीच साखर घालून श्रीखंड आपण कितीतरी आधीपासून करतोय. फरक एवढाच, की श्रीखंड पाडव्याला आणि लग्नाच्या पंगतीत होतं, आणि ते आरोग्यासाठी खातोय असं कुणी म्हणत नव्हतं. २००७ मध्ये आपल्या देशात प्रोबायोटिक आईसक्रीमसुद्धा बाजारात आलं. जिवाणू चांगले असतीलही, पण आईसक्रीम ते आईसक्रीमच.

आता आपल्या अंगणात. 'गुटगुटीत' हा शब्द किती कौतुकाचा आहे बघा. बाळसं धरलं, अंगाला लागलं, दृष्ट काढा. जाड मुलासाठी आपल्याकडे गोड शब्दच जास्त. याला इतिहास आहे. १९२० च्या दशकात आपल्या शहरांतून बाल सप्ताह भरत, त्यात सुदृढ बाळांना बक्षिसं मिळत. डब्यातल्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींत गुबगुबीत बाळाचं चित्र हमखास असे. तो काळ असा, की घरात पाच बाळंतपणं व्हायची आणि त्यातली किती मुलं हाती लागतील याचा नेम नसायचा. गुबगुबीत बाळ म्हणजे देवीतून, जुलाबातून, दुष्काळातून तरण्याची थोडी जास्त शक्यता. आपल्या आज्या-पणज्या वेड्या नव्हत्या. त्यांनी मुलाच्या अंगावर चरबी साठवली, जसं आपण कणगीत धान्य साठवतो.

आणि ताक? ते विकायचं नसे. लोणी तुपासाठी काढलं की ताक शेजारी जायचं, गड्याच्या घरी जायचं, जिच्याकडे गाय-म्हैस नाही ती लोटकं घेऊन दारात यायची. त्या ताकात ज्वारीच्या कण्या शिजायच्या. मग दुधाला भाव आला. मुंबईच्या दुधासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली, कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ मध्ये उभा राहिला, १९७० मध्ये देशभर दुधाचा महापूर योजना आली. बाईच्या हातात दर दहा दिवसांनी रोख पैसा आला, ही फार मोठी गोष्ट झाली, आणि ती आम्ही कमी लेखणार नाही. पण सकाळचं दूध संकलन केंद्रावर गेलं की घरात विरजायला किती उरतं? आमच्या भागातल्या कितीतरी दुभत्या घरांत आज चहापुरतं दूध राहतं. ताक गेलं, ताकाच्या कण्या गेल्या. त्या जागी पाच-दहा रुपयांचं बिस्किट आणि रंगीत सरबताची बाटली आली. पूर्वी म्हणायचे दुधाची तहान ताकावर भागवली. आता ताकाची तहानही बाटलीवर भागवायची वेळ आलीय, आणि तिचे पैसे पडतात.

याच काळात पुण्यात एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची, गरोदरपणाच्याही आधीपासून, नोंद ठेवली. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण चरबी मोजली तर आपल्या एवढ्याशा बाळांत ती त्यांच्या मानाने टिकून होती, कमी होतं ते मांस आणि स्नायू. बारीक दिसणारं, पण आतून चरबी धरलेलं बाळ. या मुलांकडे पुढेही लक्ष ठेवलं गेलं, आणि अठराव्या वर्षी त्यांतल्या अनेकांच्या रक्तातली साखर वाढू लागलेली आढळली. त्यांतली बहुतेक दिसायला जाड नव्हती. आईच्या पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे मिळेल ते साठवायला बघतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून आम्ही म्हणतो, लठ्ठ मुलाची गोष्ट आणि कुपोषित मुलाची गोष्ट वेगवेगळ्या गावच्या नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात २.१ होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. आणि त्याच दुसऱ्या पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

मग चरबी उतरवणाऱ्या जिवाणूची कल्पना आली कुठून? २००६ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांत सोडले, तर त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. जगभर बातमी झाली. पुढे माणसांवर पडताळण्या झाल्या, तेव्हा चित्र इतकं स्वच्छ राहिलं नाही. २०१० मध्ये जपानात ८७ प्रौढांना बारा आठवडे आंबवलेलं दूध दिलं. निम्म्यांच्या दुधात गॅसेरी जातीचा एक खास वाण होता. त्यांच्या पोटातली चरबी साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी झाली, आणि वजन १.४ टक्के. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं एक किलो. पुढच्या मोठ्या अभ्यासात पिणं थांबवल्यावर फायदा ओसरू लागला. आठवतोय ना आपला चहा पिऊन जाणारा पाहुणा?

हा सगळा हिशेब प्रौढांचा. मुलांवरचे अभ्यास छोटे, थोड्या आठवड्यांचे, आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. वाढत्या मुलाचं वजन नुसतं काट्यावर बघायचंही नसतं, उंची वाढली की तेच वजन योग्य ठरू शकतं. त्यात जिवाणू म्हणजे सगळे सारखे नाहीत. एका वाणाने जे केलं ते दुसरा करेलच असं नाही. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये सूचना काढल्यात, की प्रोबायोटिक पदार्थावर जिवाणूची जात, वाण, शेवटपर्यंत जिवंत राहणारी संख्या आणि साठवण कशी करायची हे लिहिलेलं असावं. तुमच्या हातातल्या पुडीवर हे नसेल, तर दुकानदाराला विचारा. साखर, ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं यादीत वर असतील तर पुढचं विचारायचीही गरज नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ किंवा कर्करोगाचे उपचार चालू असलेलं मूल यांना तर जिवंत जिवाणूंची पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही नको.

घरचं दही द्या की. भाताबरोबर, भाकरीबरोबर, साखर न घालता. त्याने वजन उतरेल म्हणून नव्हे, ते चांगलं अन्न आहे म्हणून. गोड बाटलीच्या जागी ताक आलं तर तेवढी साखर पोटात जायची वाचली, हा साधा हिशेब आहे, त्याला वाणाचं नाव लागत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत फार साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमाने मनाई आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे विचारता येतं. आणि मुलाला, विशेषतः मुलीला, ताटावर बसल्यावर तिच्या अंगावरून बोलू नका. चोरून खाणं तिथूनच सुरू होतं, असं फोन करणाऱ्या कितीतरी आयांनीच आम्हाला सांगितलंय.

ज्या ताईंनी उचलीचं विचारलं होतं, त्यांना आम्ही कळवलंय: आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाची उंची आणि वजन दोन्ही मोजून घ्या, आणि पुढे तज्ज्ञाकडे पाठवलं तर नक्की जा. जाताना पेटीतलं जुनं माता-बाल संरक्षण कार्ड शोधून बरोबर न्या. त्याच्यावर मुलाचं जन्माचं वजन लिहिलेलं असतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.